जागेला नाव देणारी फाइल

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या यंत्रांच्या पोटात डिस्क नव्हती. सकाळी बटण दाबले की प्रत्येक यंत्र जाळ्यावर हाक मारी आणि दोन गोष्टी विचारी: मी कोण, आणि काय वाचून सुरू होऊ? काचेच्या खोलीतला जुना सर्व्हर त्याला उत्तर देई. तुझा पत्ता हा, तुझे नाव हे, तुझी प्रणाली अमुक ठिकाणी ठेवली आहे, ती उचल आणि कामाला लाग. ही सारी उत्तरे एका फाइलमध्ये लिहिलेली होती. माझ्या आधी त्या खोलीत काम केलेल्या अनेकांनी ती आपापल्या परीने वाढवली होती, आणि त्यांपैकी कोणीही आता बनारसमध्ये नव्हते.

मी तिथे कंत्राटी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करताना मला प्रयोगापेक्षा प्रयोगाची आकडेवारी हाताळणारे संगणक अधिक आवडू लागले, आणि निकाल लागताच मी ही नोकरी धरली. घरी आईला ती नोकरी तात्पुरती वाटत होती. मला मात्र तिच्यातून पुढचा रस्ता स्पष्ट दिसत होता. महाविद्यालयात अशा आणखी प्रयोगशाळा होत्या, प्रत्येकीचे जाळे वेगळे, प्रत्येकीचा जुगाड वेगळा, आणि त्या सगळ्यांवर एकाच माणसाची नजर असावी हे कोणाला सुचले नव्हते. तो माणूस मी व्हावे असे मी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकले होते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रयोगशाळेच्या प्रभारी प्राध्यापकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावले. त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, तेव्हा इथेही तसेच म्हणते. विभागात सारे संभाषण हिंदीत, तेही बनारसी वळणाने चाले. मी ते बहुतांशी मराठीत लिहिते आहे, आणि जिथे चव जाते तिथे तसेच ठेवते. सरांच्या समोरच्या खुर्चीवर बाहेरच्या एका कंपनीचा प्रतिनिधी बसला होता. माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, हातात चकचकीत माहितीपत्रक.

सरांनी सरळ मुद्दा मांडला. सर्व्हरवरचा जुना प्रोग्राम त्याच्या कर्त्यांनीच सोडून दिला होता; त्याची दुरुस्ती आता होणार नव्हती. असे काहीही जाळ्यावर ठेवायचे नाही, असा वरून आदेश आला होता. नवा सर्व्हर आला होता, पण त्यावरचा नवा प्रोग्राम जुनी फाइल वाचत नव्हता. कंपनीचा प्रस्ताव असा, की ही सगळी बिनडिस्कची यंत्रे भंगारात द्यायची, नवी घ्यायची, आणि देखभाल कंपनीच पाहील.

"म्हणजे माझं पद?" मी विचारले.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देखभाल ते करणार म्हटल्यावर पद कशाला लागेल, तुम्हीच सांगा."

"सर, यंत्रं चांगली आहेत. जुनी आहे ती फक्त फाइल. ती मी नव्या फॉरमॅटमध्ये आणते."

प्रतिनिधी हसला. "मैडम, इतनी पुरानी फ़ाइल है, उसमें तो भूत बैठे होंगे।"

"असतील तर तुम्हाला एकेकाची ओळख करून देईन," मी म्हणाले.

सरांना वाद आवडत नसे, पण पैज आवडे. त्यांनी दोघांकडे पाहिले आणि निकालाची कसोटी तिथल्या तिथे ठरवली. विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रात्यक्षिक परीक्षा होती. परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला टेबलावर चिकटवलेला आसन क्रमांक असतो, आणि यंत्राने पडद्यावर तोच क्रमांक दाखवावा लागतो, कारण उत्तरे त्या क्रमांकाखाली जतन होतात. त्या सकाळी नव्या सर्व्हरवरून सगळी आसने बरोबर उठली, तर प्रयोगशाळा आणि ती चालवणारी मी, दोन्ही राहू. एक जरी आसन चुकले, तर कंपनी.

मी फाइलची प्रत घेऊन बसले. जुने फॉरमॅट सैल होते. महिरपी कंस, अर्धविराम, मधेच कोणाची तरी टिप्पणी, एका कंसात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. आतल्याने बाहेरच्याचे काय घ्यायचे आणि काय नाकारायचे याचे नियम अलिखित वाटावेत इतके मुरलेले. नवे फॉरमॅट नेमके उलटे. प्रत्येक शब्द अवतरणात, प्रत्येक गोष्टीला तिची ठरलेली जागा, आणि एक स्वल्पविराम हुकला की अख्खी फाइल परत तोंडावर, सोबत चुकलेल्या ओळीचा क्रमांक. हा कडकपणा मला फार आवडला. मनुष्याने असेच वागावे असे मला अनेकदा वाटते, आणि आई म्हणते की म्हणूनच माझे लग्न जमत नाही.

रूपांतराचे एक तयार साधन मिळते. जुनी फाइल त्याला द्यायची, ते नवी काढून देते. मी ते चालवले. बरेचसे काम त्याने चोख केले आणि जे समजले नाही तिथे खूण करून ठेवली. शिक्षकांची यंत्रे आणि प्रिंटर हे फाइलमध्ये त्यांच्या नेटवर्क कार्डावरच्या क्रमांकावरून ओळखले जात. हा क्रमांक कारखान्यातच कार्डावर कोरलेला असतो. एकाच प्रिंटरच्या दोन-दोन नोंदी होत्या, कारण कोणी नवी नोंद केली की जुनी पुसायची हिंमत करत नसे. जुना प्रोग्राम अशा जोडनोंदी निमूट खपवून घेई. नवा पहिल्याच जोडीला अडला. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून सगळ्या जोड्या शोधल्या, प्रत्येक खोलीत जाऊन खरे कार्ड तपासले, आणि खोट्या नोंदी उडवल्या. हे सारे इतक्या सहज झाले की मला उरलेल्या कामाचीही घाई झाली.

उरलेले काम म्हणजे विद्यार्थ्यांची टेबले. फाइलच्या शेवटच्या, सर्वांत लांब भागात ती होती, आणि तिथे कार्डांचे क्रमांक नव्हतेच. प्रत्येक आसनासाठी एक 'क्लास' लिहिला होता. म्हणजे एक अट: हाकेसोबत अमुक चिठ्ठी आली, तर ती हाक या गटातली. आणि प्रत्येक क्लाससाठी पत्त्यांचा एक साठा होता, ज्यात पत्ता होता फक्त एक. चिठ्ठीवरचा मजकूर म्हणजे एक लांब, निरर्थक दिसणारा आकडा. शिवाय प्रत्येक साठ्यावर एक चमत्कारिक मुदत घातली होती: दिलेला पत्ता दोन मिनिटांत परत घ्यावा. बाकी साऱ्या फाइलमध्ये ही मुदत आठवडाभराची होती.

तो आकडा काय आहे हे मला एका दुपारी कळले. भिंतीवरच्या पेटीतल्या स्विचमध्ये, जिथे सगळ्या टेबलांच्या केबली येऊन मिळतात, तिथे प्रत्येक छिद्राला क्रमांक असतो. टेबलावरचे यंत्र हाक मारते तेव्हा स्विच त्या हाकेला आपली एक चिठ्ठी जोडतो: ही हाक माझ्या अमुक छिद्रातून आली. म्हणजे फाइल यंत्राला ओळखतच नव्हती. ती तार ओळखत होती, आणि तारेवरून टेबल.

मी सरांना हे दाखवले. ते प्रसन्न झाले नाहीत.

"प्रिंटर कार्डावरून ओळखता येतो, तर ही यंत्रंही कार्डावरून ओळखा की. एक नोंद, एक क्रमांक, विषय संपला. हे स्विच, चिठ्ठी, दोन मिनिटं... हटाइए इसको।"

तर्क चुकीचा नव्हता. कार्डाची पद्धत सोपी होती, नव्या फॉरमॅटला ती मानवणारी होती, आणि एका दुपारचे काम होते. पण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला एक गोष्ट शिकवली गेली होती: एखादे वाचन विचित्र आले म्हणून ते पुसायचे नाही, आधी ते का आले हे शोधायचे. कोणीतरी बसून प्रत्येक टेबलासाठी इतका खटाटोप केला होता. आळशी माणसे इतकी मेहनत करत नाहीत, आणि सर्व्हरच्या खोलीत काम करणारी बहुतेक माणसे मनापासून आळशी असतात. मी त्यांच्यातलीच आहे.

"सर, कारण कळल्याशिवाय काढणार नाही," मी म्हणाले.

"आणि कारण पूजेपर्यंत नाही कळलं तर?"

"तर जसं आहे तसंच नव्यात आणेन."

सर म्हणाले, "जिद्दी हैं आप।" त्यांनी ते कौतुकाने म्हटले नव्हते, पण मी तसेच घेतले.

कारण मला दोन दिवसांनी सापडले. प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना आम्ही चाचा म्हणत असू, बाहेरच्या व्हरांड्याची मापे घेत होते. विद्यार्थी त्यांना मागून चिडवत होते की चाचा लग्नाचा मांडव टाकताहेत.

"हे कशासाठी, चाचा?" मी विचारले.

"पूजा है न, बिटिया। सब मशीन यहाँ लगेगी, लाइन से। पहले धूल झाड़ी जाएगी, फिर रोली, अक्षत, माला।"

मी तिथे नवी होते. हे माझे पहिलेच वर्ष. आमच्या घरी यंत्रांची पूजा दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आई खंडेनवमीला मिक्सर, शिलाई मशीन, बाबांची सायकल आणि माझा लॅपटॉप यांना हळदकुंकू वाहते, झेंडूचे फूल ठेवते, आणि वस्तू जिथल्या तिथे असते. विश्वकर्मा पूजेला कारखान्यांपासून रिक्षांच्या अड्ड्यांपर्यंत बनारसभर काय धमाल असते ते मी लहानपणापासून रस्त्यावरून पाहत आले होते. पण कॉलेजातले संगणक उचलून व्हरांड्यात ओळीने बसवले जात असतील, हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

"आणि परत ठेवताना? कोणतं यंत्र कुठलं हे लक्षात कसं राहतं?"

चाचांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी गंगेला पाणी कुठून येते असे विचारले होते. "मशीन तो मशीन है, बिटिया। सब एक जैसी। जहाँ जगह मिली, बैठा दी।"

मी तिथेच उभ्या उभ्या हसले. चाचांना वाटले की मी त्यांना हसले. त्यांची समजूत काढायला मला दोन वेळा चहा पाजावा लागला. पण सगळे जागच्या जागी येऊन बसले होते. दर वर्षी पूजेला सगळी यंत्रे बाहेर निघतात, गंध लावून घेतात, प्रसाद होतो, आणि संध्याकाळी ती मिसळून कुठल्याही टेबलावर परत जातात. कार्डावरून ओळख ठेवली असती, तर दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत पाचव्या टेबलावर बसलेल्या मुलाची उत्तरे एकविसाव्याच्या खात्यात गेली असती. कोणा एका वर्षी ती गेलीही असावीत, आणि म्हणूनच कोणीतरी फाइलला यंत्र विसरायला आणि जागा ओळखायला शिकवले होते. टेबले हलत नाहीत, आणि टेबलांपर्यंत आलेल्या तारा भिंतीत पक्क्या आहेत.

सरांना हे पटवायला मी घरचे उदाहरण वापरले. माझे बाबा दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतात. घाटावर आमच्या कुटुंबाची एक चौकी, म्हणजे बसायचे लाकडी तख्त, आहे, आणि तिच्यावर बाबा आणि काका पाळीपाळीने बसतात. गावाकडून येणारा यजमान चौकी विचारत येतो. त्या दिवशी तिथे जो असेल तो त्याचे काम करतो, आणि दक्षिणा कुटुंबाच्या खात्यात जाते. कोणी काकांचे आधार कार्ड मागत नाही.

"फाइल लिहिणाऱ्यानं टेबलाला चौकी मानलं आहे, सर. यंत्र म्हणजे त्या दिवशी बसलेला पंडित."

सर जन्माने आणि मनाने बनारसी. ते खुर्चीत मागे रेलले आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, त बात इहे रहल।" म्हणजे, गोष्ट ही होती तर! मग एकदम औपचारिक होऊन त्यांनी सांगितले की क्लासची पद्धत ठेवावी.

संध्याकाळी घरी मी बाबांना ही उपमा ऐकवली, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मला मशीन म्हणालीस ते ठीक," ते म्हणाले, "पण काकाला आणि मला एकसारखं म्हणालीस, हे मी नाही सहन करणार."

क्लासचे रूपांतर करणे तसे अवघड नव्हते. नव्या फॉरमॅटमध्ये अट वेगळ्या रीतीने लिहायची असते, आणि साठ्याला सांगावे लागते की फक्त या क्लासला आत घे. मी स्क्रिप्टने सगळी आसने तयार केली, नवा सर्व्हर तात्पुरता जोडला, आणि रविवारी चाचांना घेऊन रंगीत तालीम केली. पहिल्या रांगेतली यंत्रे चालू केली. सगळी आपापल्या क्रमांकाने उठली. मग ती बंद करून आम्ही दोघांनी त्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा बटणे दाबली.

एकही उठले नाही.

पडद्यांवर पत्ता मिळाला नसल्याचा संदेश होता, रांगेतल्या प्रत्येक पडद्यावर. चाचा म्हणाले, "नाराज हो गईं, बिटिया, बिना पूजा के हिलाया न।" अशा वेळी माझे डोके विलक्षण स्वच्छ होते. मी या गुणावर बरीच विसंबून आहे. मी खुर्ची ओढली आणि सर्व्हरची नोंदवही, म्हणजे त्याचा लॉग, वाचू लागले.

हाका आल्या होत्या. चिठ्ठ्याही बरोबर होत्या. सर्व्हरने प्रत्येक हाकेला योग्य क्लासमध्ये टाकले होते. आणि मग प्रत्येक वेळी एकच गोष्ट: या साठ्यात मोकळा पत्ता नाही. प्रत्येक साठ्यात पत्ता एकच, आणि तो आधीच्या यंत्राच्या नावावर अजून चढलेला. यंत्र उठून दुसऱ्या टेबलावर गेले होते, पण त्याचा हक्क जुन्या टेबलावर आठवडाभर राहणार होता. बाबांची पाळी संपली, ते घरी जेवायला गेले, पण चौकीवर उपरणे तसेच टाकून गेले, आणि काका बिचारे उन्हात उभे.

दोन मिनिटांची ती चमत्कारिक मुदत याचसाठी होती. आणि ती माझ्या नव्या फाइलमध्ये नव्हती.

का नव्हती, हे शोधायला फार वेळ लागला नाही. जुन्या फाइलमध्ये मुदत प्रत्येक साठ्याच्या कंसात लिहिलेली होती. नव्या फॉरमॅटमध्ये साठ्याला मुदत लावता येत नाही. ती वरच्या पातळीवर किंवा क्लासवर लावावी लागते. रूपांतराच्या साधनाने ती ओळ खूण करून बाजूला ठेवली होती, आणि त्या शेकडो खुणांच्या गर्दीत मी ती निरुपद्रवी समजून पुढे गेले होते. परिणाम असा, की टेबलांनी गुपचूप वरची आठवड्याची मुदत उचलली. मी मुदत साठ्यांतून उचलून क्लासांवर ठेवली, सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावली, जुने हक्क पुसले, आणि आम्ही ती रांग तीनदा फिरवली. तिन्ही वेळा दोन मिनिटे थांबलो, तिन्ही वेळा टेबलावरचा कागद आणि पडद्यावरचा क्रमांक एक होते.

चाचांनी घाम पुसला. "अब तो मान गईं।"

"मानलं नाही चाचा, समजलं," मी म्हणाले. ते म्हणाले की बायकांच्या बाबतीत ते एकच असते, आणि लगेच चहाच्या टपरीकडे निघून गेले.

पूजेच्या दिवशी मी पिवळी साडी नेसून गेले. व्हरांड्यात सगळी यंत्रे रांगेने मांडली होती, प्रत्येकाच्या कपाळी रोलीचा, म्हणजे इकडच्या कुंकवाचा, टिळा, त्यावर अक्षता, पुढे उदबत्ती. आरतीत सर सर्वांत मोठ्या आवाजात होते. कंपनीचा प्रतिनिधी प्रसादाला हजर होता. बुंदीचा द्रोण हातात घेऊन तो माझ्या शेजारी आला.

"मैडम, कल सुबह मैं भी आऊँगा। सर ने बुलाया है।"

"अवश्य या. पुढच्या खुर्चीवर बसा."

संध्याकाळ होण्याआधी मुलांनी यंत्रे परत नेली. मी दारात उभी राहून पाहत होते. एकही यंत्र आपल्या जुन्या टेबलावर गेले नसावे. एका मुलाने दोन यंत्रे एकाच टेबलावर ठेवली आणि दुसरे टेबल रिकामे सोडले, इतका मोकळा कारभार होता. त्याला मी परत पाठवले, बाकी कशाला हात लावला नाही. कोणते कुठले, हे मला ठाऊक असण्याची गरजच उरली नव्हती.

सकाळी परीक्षेआधी आम्ही चौघे आत होतो: सर, प्रतिनिधी, चाचा आणि मी. विद्यार्थी व्हरांड्यात, उरलेल्या झेंडूच्या पाकळ्यांवर पाय पडणार नाही अशा बेताने उभे. जुना सर्व्हर बंद होता. त्याची केबल मी स्वतः काढून ठेवली होती. चाचांनी मुख्य बटण दाबले.

पडदे उजळू लागले. पहिली रांग, मग दुसरी, मग मधल्या. प्रत्येक पडद्यावर आधी काळ्यावर पांढऱ्या ओळी धावत, मग क्षणभर काही नाही, आणि मग मोठ्या अक्षरात आसन क्रमांक. सर हातात यादी घेऊन टेबलामागून टेबल तपासत चालले होते आणि दर टेबलाला हुंकार भरत होते. टिळे लावलेली यंत्रे, परक्या टेबलांवर बसून, त्या टेबलांची नावे सांगत होती.

शेवटच्या रांगेत एक पडदा काळाच राहिला.

सर थांबले. प्रतिनिधी मात्र थांबला नाही. "देखा, सर? एक नहीं उठा। फ़ाइल में गड़बड़ है।"

मी काचेच्या खोलीत गेले आणि लॉग पाहिला. त्या टेबलाच्या छिद्रातून सकाळपासून एकही हाक आली नव्हती. मी तिथूनच म्हणाले, "फाइलमध्ये दोष असता, तर हाक आली असती आणि उत्तर चुकलं असतं. इथे हाकच आलेली नाही. सर्व्हरला या यंत्राचा आवाज ऐकू आलेला नाही. दोष टेबलापाशी आहे."

"बोलना आसान है," प्रतिनिधी म्हणाला.

मी टेबलापाशी गुडघे टेकले, यंत्र फिरवले, आणि केबलला हात लावला. ती न ओढताच हातात आली. नीट बसलीच नव्हती. यंत्राच्या मागच्या खोबणीत, जिथे केबलचे टोक खटकन बसायला हवे, तिथे कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. पूजेच्या वेळी कोणीतरी यंत्राला मागच्या बाजूनेही अक्षता वाहिल्या होत्या. मी केसांतला आकडा काढून तो दाणा बाहेर काढला, तळहातावर ठेवून सरांना दाखवला, केबल बसवली आणि बटण दाबले. पडद्यावर ओळी धावल्या. क्रमांक आला. टेबलावरचाच.

सर त्या दाण्याकडे आणि मग प्रतिनिधीकडे पाहत म्हणाले, "तुमच्या नव्या मशीनना याचा काही इलाज आहे का? की त्यांची पूजाच करायची नाही?"

प्रतिनिधीने माहितीपत्रक बॅगेत घातले. तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्याने मला विचारले की क्लासवर मुदत लावता येते हे मला कुठे सापडले. मी त्याला सांगितले. ज्ञान दडवून मी मोठी होणार नव्हते, आणि त्याची कंपनी तोवर हरली होती.

विद्यार्थी आत आले, बसले, आणि परीक्षा सुरू झाली. कोणी वर पाहून विचारलेही नाही की सर्व्हर बदलला आहे का. तीन तास कीबोर्डांचा आवाज ऐकत मी काचेच्या खोलीत उभी होते, आणि मला खरोखर वाटत होते की इतका सुंदर आवाज मी यापूर्वी ऐकलेला नाही. सगळी उत्तरे आपापल्या आसनाखाली जमा झाली. मी ती नंतर एकेक करून पडताळून पाहिली.

दुपारी सरांनी मला कार्यालयात नेले. त्यांनी तिथल्या कारकुनाला, बाबूंना, टाइप करायला सांगितले की माझे कंत्राट पुढे चालू राहील. मी म्हणाले, "सर, एक मिनिट."

"अब क्या?"

"बाकीच्या प्रयोगशाळांवरही तोच जुना प्रोग्राम आहे. तिथेही आदेश लागू आहे. प्रत्येक ठिकाणी कोणी वेगळा माणूस वेगळी कंपनी बोलावेल, आणि त्यांतल्या एकालाही तिथल्या फाइली वाचता येणार नाहीत. मला येतात. सगळी कामं माझ्याकडे द्या, आणि तसं लेखी द्या. नुसतं कंत्राट वाढवलंत, तर पुढच्या वर्षी आपण याच खोलीत हेच बोलत बसू."

बाबू टंकयंत्रासारख्याच वाजणाऱ्या त्यांच्या कीबोर्डवरून बोटे उचलून वाट पाहत होते. सरांनी खिडकीबाहेर पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले.

"लिखिए," ते बाबूंना म्हणाले. "परिसर के सभी नेटवर्क..." आणि पुढचा मजकूर त्यांनी मला विचारत विचारत सांगितला.

बाबूंनी शेवटी विचारले, "पदनाम क्या लिखें, सर?"

"इनसे पूछिए। इन्होंने सोच रखा होगा।"

मी विचार करून ठेवला होता. मी दोन शब्द सांगितले: नेटवर्क प्रभारी. बाबूंनी ते टाइप केले, सरांनी सही केली, आणि मी कागद घडी न घालता हातातच धरून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे चालू लागले, कारण तिथला सर्व्हर त्या वारी दुपारी मोकळा असतो हे मला आधीच ठाऊक होते.